ढुलाई : निरंक

मित्रांनो, मी एक जुनं काचेचं कपाट आहे. उंची साडेसहा फूट, लाकूड अस्सल साग. यवतमाळ जिल्ह्यात आजवर जेवढी प्रदर्शनं भरली, त्यांत माझ्या स्टॉलसारखं चोख अंदाजपत्रक कोणाचंच झालं नाही, हे मी छातीठोक सांगतो. दीडशे रुपयांचा मेळ, अगदी नव्या पैशापर्यंत जुळलेला. त्यात एक चूक दाखवा आणि माझी एक फळी काढून घरी घेऊन जा.

फळ्या होत्या चार. आता एक उरली आहे, आणि तिच्यावर कोंबडी बसते.

काचेचं कपाट म्हणतोस, मग काच कुठं आहे, असं तुम्ही विचाराल. सांगतो. थोडं दमानं घ्या. ती गोष्ट आठवली की माझी दारं आपोआप उघडतात आणि मग लावायला कोणी येत नाही.

बाभुळगावच्या पलीकडे बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. साठ घरं. एकसष्ट सालची संक्रांत जवळ आली होती, तेव्हा तिथं एक सरकारी कागद आला. यवतमाळला तीन दिवसांचं शेतकी आणि उद्योग प्रदर्शन भरणार, ज्यांना आपलं काम मांडायचं त्यांनी जागा घ्यावी. तांड्याच्या बायकांचं आरशांचं भरतकाम चांगलं होतं, म्हणून कागद तांड्यालाही आला. प्रदर्शन म्हणजे काय हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. पण राळेगावकडच्या एका तांड्यानं जागा घेतली असं कळलं, तेव्हा आपणही घ्यायची हे लगेच ठरलं. घरटी अडीच रुपये काढले.

तांड्याचे नायक होते शंकरसिंग. मोठी पगडी, मोठा आवाज. हिशोब मांडायला देवराव मास्तर होते. ते बाभुळगावहून रोज सायकलनं शाळेवर यायचे. छप्पन साली त्यांनी धम्म घेतला, तेव्हापासून त्यांच्या खिशात एक नाही, दोन पेनं असायची. कडुनिंबाखाली सारा तांडा जमला आणि मास्तरांनी पट्टीनं रेघा आखल्या.

"जागेचं भाडं तीस," मास्तर म्हणाले.

"कायचं भाडं?" नायक म्हणाले. "जागा काय घरी घेऊन येऊन राह्यलो का आपण?"

"तीन दिवस बसणार ना तिथं."

"बसाचे पैसे! वा रे यवतमाळ. लिहा."

कनात वीस. पताका पाच. तीन दिवस गॅसबत्ती सहा. चहापाणी साडेसात. मोठ्या पाहुण्यांना हार, दीड रुपया. किरकोळ दहा.

"किरकोळ म्हंजे काय जी?"

"जे आत्ता आठवत नाही ते."

"आठोत नाही त्याचे धा रुपये? मंग सारंच इसरून जाऊ ना मास्तर, फायद्यात राहू."

सगळे हसले. सत्तर रुपये उरले. तेवढ्यात बायकांच्या मागून आवाज आला, "काच पाह्यजे."

ती रामीबाई होती. ती बैठकीत कधी बोलत नसे, म्हणून सगळे वळून बघायला लागले. तिच्या मांडीवर एक गठुडं होतं.

त्या गठुड्यात तिच्या लेकीचा, हंसाचा फेटिया होता. फेटिया म्हणजे तांड्यातल्या बायकांचा भरतकामाचा घागरा. हंसा तो दोन वर्षं शिवत होती, स्वतःच्या लग्नासाठी. तीनशेवर आरसे. भादव्यात तिला ताप आला आणि पाचव्या दिवशी ती गेली. फेटियाचा एक कोपरा राहिला होता. तिची सुई, दोऱ्यासकट, त्या कोपऱ्यात तशीच टोचलेली होती. रामीबाई ती कोणाला काढू देत नसे.

"माह्या पोरीनं हे कोणाले दाखोलं नाही," रामीबाई म्हणाली. "पुरा झाल्यावर दाखवीन म्हणे. आता लोकायनं पाह्यलं पाह्यजे. पण हात नाही लागला पाह्यजे कोणाचा. काचेच्या मांगून पाहा म्हना. खाली तिचं नाव लिवा. बस."

 मग नायकानं पगडी नीट केली. "काचेचं कपाट लिहा, मास्तर. सत्तर. आन कपाट असं पाह्यजे, का मी पगडीसकट उभा दिसलो पाह्यजे त्याच्यात."

"काहून रे," नायकाची म्हातारी आत्या धनीबाई म्हणाली, "फेटिया ठेवाचा हाय का तुले ठेवाचं हाय?"

तर मित्रांनो, माझा जन्म आधी असा कागदावर झाला. दीडशेची बेरीज जुळली. मास्तरांनी पेनाचं टोपण लावलं, आणि परत काढलं.

"नायक, ढुलाई राहिली. सामान न्यायचं कसं? पंधरा मैल आहे. ट्रकवाला बारा रुपये घेईल. पताका आणि चहा कमी करू."

तुम्हाला वाटेल, किती साधी गोष्ट. पण नायकाचा चेहरा असा झाला, जसं कोणी त्यांच्या पगडीला हात घातला.

"मास्तर, तुमी शिकेल माणूस हा, म्हणून राग नाही धरत. माह्या पणज्याची लदेणी चारशे लादेल बैलायची होती. मीठ, गहू, सुपारी, सारा मुलूख आमच्या बैलायच्या पाठीवर जेवला. आन आता गोर बंजाऱ्यानं आपलं सामान न्यायले दुसऱ्याले पैसे द्याचे? ढुलाई आमी घेत असतो. देत नसतो."

सगळ्या तांड्यानं माना डोलावल्या. म्हाताऱ्यांचे तर डोळे भरून आले. चारशे बैल मात्र पणज्याबरोबरच संपले होते. आता नायकाकडे दोन होते, नांगराचे. त्यांतल्या एकाला यवतमाळचा रस्ता माहीत नव्हता आणि दुसऱ्याला माहीत करून घ्यायची इच्छा नव्हती.

पण मास्तरही मास्तर. बाब रिकामी सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ढुलाई : निरंक. निरंक म्हणजे काही नाही. शून्य. सरकारी कागदांत ते फार चांगलं दिसतं.

मला बनवलं बाभुळगावच्या डोमाजी सुतारानं. त्यानं आयुष्यभर बंड्या आणि वखरं केली होती, कपाट पहिल्यांदाच. म्हणून माझे सांधे बंडीच्या चाकासारखे घट्ट आहेत. रामीबाई रोज चालत यायची आणि माझ्या फळ्यांवरून तळहात फिरवायची.

"खिळा नका लावू हो भाऊ," ती म्हणायची. "एखादा वर आला तं धागा अटकन."

"नाही लावत, बाई."

आणि खरंच नाही लावला. डोमाजीनं बाभळीच्या खुंट्या ठोकल्या, काच लाकडी पट्टीत बसवली. माझ्या अंगात एकही खिळा नव्हता. मला त्याचा फार अभिमान होता. काच यवतमाळहून आली. ती बसवल्यावर रामीबाई समोर उभी राहिली. मला वाटलं ती स्वतःला बघते आहे. ती आतली रिकामी जागा बघत होती.

मास्तरांनी चिठ्ठी लिहून आणली आणि आत, वरच्या फळीच्या कडेला, खळीनं चिकटवली. 'हातकाम : हंसा. दोन वर्षांची मेहनत.'

"फेटिया असंही लिहू का?" त्यांनी विचारलं होतं.

"ते कायले?" रामीबाई म्हणाली. "फेटिया तं दिसूनच राह्यला असन. नाव तेवढं दिसत नाही."

निघायच्या दिवशी मला बंडीत आडवं निजवलं, काच वर. चारी बाजूंनी आणि काचेवर कडबा दाबला आणि वरून सोल, म्हणजे जाड दोर, बांधला. बाभुळगावात पाहुण्यांचा हार स्वस्त मिळाला म्हणून तोही घेऊन कडब्यात खोचला. नायक बंडी हाकत होते. रामीबाई माझ्या पायथ्याशी, गठुडं मांडीवर घेऊन. नायक सगळ्या वाटेनं पणज्याच्या गोष्टी सांगत होते. त्या गोष्टींत बैल कधी थकत नसत.

आमचे थकले. अर्ध्या वाटेवर एका आंब्याखाली बंडी सोडली. नायक आणि रामीबाई भाकर खायला बसले. अंदाजपत्रकात बैलांच्या चाऱ्याची बाब नव्हती, हे बैलांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्या अंगावरचा सगळा कडबा खाल्ला. मग हार खाल्ला, दीड रुपयांचा, झेंडूपासून दोऱ्यापर्यंत.

नायक परत आले तेव्हा मी उघडा पडलो होतो. सोल काचेला टेकला होता. पुढं नाला होता, गोट्यांचा.

"मेलो," नायक म्हणाले. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. घोंगडी आणली नव्हती, रामीबाईची ओढणी पातळ. पगडी काढून ठेवून बघितली, ती एका कोपऱ्यालाच पुरली. मग त्यांची नजर गठुड्यावर गेली.   मग म्हणाले, "रामीबाई, काच फुटली तं फेटिया ठेवशीन कायात?"

मित्रांनो, मी लाकूड आहे. पण त्या बाईनं गठुड्याची गाठ सोडली तो आवाज मला अजून येतो. तिनं फेटियाची घडी घातली. आरसे बाहेर राहिले तर सोल घासेल, म्हणून आरसे आत घेतले. आरशावर आरसा. सुईचा कोपरा तेवढा वेगळा ठेवला. आणि ती घडी काचेवर ठेवून वरून सोल आवळायला दिला.

उरलेले आठ मैल मी ऐकत होतो. प्रत्येक धक्क्याला आत कुठंतरी बारीक करकर व्हायची, जसं कोणी दातांखाली वाळू चावतं. मला बोलता आलं असतं तर मी ओरडलो असतो, काढा तो, मला फुटू द्या.

नाल्यात बंडी आदळली. नायकानं मागं न बघता विचारलं, "काच?"

"शाबूत हाय," रामीबाई म्हणाली.

गोटे लागले. "काच?"

"शाबूत हाय."

यवतमाळपर्यंत नायकानं सात वेळा काच विचारली. दुसरं काही विचारायचं असतं, हे त्यांना सुचलं नाही. तिलाही नाही, मलाही नाही.

मैदानावर पोचलो तेव्हा देवराव मास्तर बाकी बायकांच्या पिशव्या-टोप्या घेऊन एसटीनं आधीच येऊन उभे होते. रामीबाईनं घडी काढली, जमिनीवर ओढणी पसरली आणि फेटिया उघडला.

आरसे आधी पडले. ओंजळभर, तुकडे तुकडे. मग दिसलं की त्या तुकड्यांनी दोरे कापले होते, आणि दोऱ्यांखालचं कापडही. दोन वर्षांचं काम तांदूळ पाखडल्यासारखं ओढणीवर सांडत होतं. शेवटच्या कोपऱ्यातली सुई तेवढी धड होती.

नायक पाठमोरे होते. सोल गुंडाळत खुशीत म्हणाले, "आता सांग! कशी हाय काच?"

"काचेले काही नाही झालं, नायक," रामीबाई म्हणाली.

मग नायक वळले.

ते ओढणीपाशी येऊन उभे राहिले. शेवटी म्हणाले, "मास्तर, कागद काढा. ढुलाई लिहा."

"किती लिहू?" मास्तरांनी हळू विचारलं.

नायक बैलांकडं चालत गेले. मास्तरांनी 'निरंक' हा शब्द खोडला, आणि पुढची जागा रिकामी सोडली. त्या माणसानं आयुष्यात सोडलेली ती एकच रिकामी जागा.

प्रदर्शन तर भरलंच. वीस रुपयांची कनात आली ती सहा फुटी, आणि मी साडेसहा. म्हणून अर्धा फूट खड्डा खणून मला त्यात उभं केलं. साडेसात रुपयांचं चहापाणी, खड्डा बघायला आलेल्या लोकांनीच पहिल्या सकाळी संपवलं. बाकी बायकांच्या पिशव्या आणि टोप्या दोरीवर टांगल्या. माझ्या फळ्या मात्र मोकळ्या होत्या. रामीबाईनं नाही म्हटलं नव्हतं, पण कोणी तिथं काही ठेवलंच नाही.

आणि मित्रांनो, आमच्या स्टॉलवर सगळ्यांत जास्त गर्दी झाली. लोक यायचे, रिकाम्या काचेत स्वतःला बघायचे, भांग पाडायचे आणि खुश होऊन जायचे. मी तीन दिवस अख्ख्या जिल्ह्याचे केस बघितले. रामीबाई माझ्या शेजारी खाली बसून असायची, गठुडं मांडीवर. नायक आत येतच नव्हते. ते मैदानाच्या टोकाला बैलांजवळ बसून राहायचे.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. तिघं साहेब, हातात कागद. पुढच्या साहेबानं मला बोटानं ठोकून बघितलं. "वा! आणि पाय जमिनीत पुरलेत. काय मजबुती!" मग त्यानं रामीबाईला विचारलं, "बाई, हे काम कोणाचं?"

तिला वाटलं, फेटियाचं विचारतात. दोन दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं होतं.  तिनं नुसतं चिठ्ठीकडं बोट दाखवलं. साहेबानं वाचलं, मान हलवली, लिहून घेतलं. रामीबाई घाईघाईनं गठुड्याची गाठ सोडायला लागली. गाठ निरगाठ होती. ती सुटली तेव्हा साहेब पुढच्या स्टॉलवर लोखंडी नांगर बघत होते.

तिसऱ्या दिवशी बक्षिसं झाली. डोमाजी सुतार नवी टोपी घालून मुद्दाम आला होता, आपलं कपाट बघायला. भोंग्यावर नाव आलं, "उत्कृष्ट लाकूडकाम, पहिलं बक्षीस, श्री. हंसाजी, सुतार."

रामीबाई उठली नाही. डोमाजी तिच्याजवळ आला.

"जाय, बाई."

"तुमचं काम हाय ते, भाऊ. तुमी जा."

"काम माहं असन. नाव तिचं बोलावून राह्यले ना." त्यानं टोपी काढून हातात घेतली. "जाय. भोंग्यावाला दोनदा नाही बोलावत."

ती गेली. मी कनातीच्या फटीतून बघत होतो. साहेबानं प्रशस्तिपत्र पुढं केलं आणि विचारलं, "हंसाजी स्वतः नाही आले?"

"नाही आले," रामीबाई म्हणाली.

"बरं, त्यांना सांगा, फार सुंदर काम आहे."

"सांगीन," ती म्हणाली.

परत येताना नायकानं ट्रक केला. ट्रकवाल्यानं पंधरा मागितले. नायकानं घासाघीस न करता स्वतःच्या खिशातून दिले. मी तिघा हमालांच्या हातांवरून, गादीवर निजून, ओरखडाही न पडता तांड्यावर आलो. इतकं सुखाचं जाणं मला आजही टोचतं.

मला नायकाच्या ओसरीत उभं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रामीबाई आली. तिनं उरलेले आरसे खालच्या फळीवर एका वाटीत ठेवले आणि मधल्या फळीवर फेटिया मांडला, होता तसा, चिंध्या झालेला. सुईचा कोपरा पुढं केला. काचेची दारं लावली. चिठ्ठी होतीच. मग तांड्यातली माणसं एकेक करून आली आणि काचेमागून बघून गेली. कोणी केस विंचरले नाहीत. धनीबाई म्हातारीनं काचेला हात न लावता हवेतच त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. रामीबाई लांब उभी राहून बघत होती. मला वाटलं, आता मी कपाट झालो.

मित्रांनो, म्हणून माझं एवढंच मागणं आहे. कुठलंही अंदाजपत्रक मांडाल, तेव्हा काचेची चौकशी करा, पण काचेवर घडी करून कोण बसलं आहे तेही विचारा. ते बोलत नाही. आणि फुकट जे होतं म्हणतात ना, तिथं पेन थांबवा, जरा नीट बघा.

त्याच दिवशी दुपारी नायक प्रशस्तिपत्राला चौकट करून घेऊन आले. तीन दिवस ते रामीबाईसमोर आले नव्हते. त्यांना काहीतरी करायचं होतं. म्हणाले, "हंसाचं नाव हाय ह्याच्यावर. तिच्याजवळच पाह्यजे." रामीबाईनं मान डोलावली. त्यांनी चौकट माझ्या माथ्यावरच्या लाकडाला, काचेच्या बरोबर वर धरली आणि एक खिळा ठोकला.

काच फुटली. सगळी आत पडली, फेटियावर. रामीबाईनं तो उचलला, झटकला आणि घरी नेला.

संध्याकाळी कोंबडी आली.